हिरोईनला हार्नेस

जगात आजवर जेवढ्या सुपरहिरोंच्या जेवढ्या प्रेयसी उंच इमारतींवरून खाली पडल्या, त्या सगळ्यांची काळजी त्या त्या हिरोपेक्षा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी जास्त केली आहे, हे मी देवाची शपथ घेऊन सांगायला तयार आहे. हिरोचं काय, झेलतो किंवा झेलत नाही आणि पुढच्या मारामारीला निघून जातो. काका मात्र पिक्चर संपून लोक पार्किंगमधून गाड्या काढायला लागले तरी खुर्चीत बसून राहतात आणि शेजारच्याला विचारतात, "अरे, पण ती बाई मुळात त्या गच्चीवर गेलीच का?" शेजारचा म्हणजे बहुतेक वेळा मीच असतो. काका मान हलवतात, खिशातून छोटी वही काढतात आणि अंधुक उजेडात तिच्यात काहीतरी लिहून घेतात.

काका आमच्या कंपनीत सेफ्टी खात्यात होते. चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणारी ही कंपनी. तिथे मी परचेसला. राहायला आम्ही कासारवाडीत एकाच बिल्डिंगमध्ये, मी दुसऱ्या मजल्यावर आणि ते तिसऱ्या. सकाळी नाशिक फाट्यावरून कंपनीच्या एकाच बसने निघायचो. कंपनीत तीस-बत्तीस वर्षं लोकांचे हात, पाय, डोळे सांभाळून या माणसाची नजरच अशी झाली होती, की त्यांना जगात वस्तू दिसत नसत, फक्त धोके दिसत. लग्नाला गेले की वधूवरांच्या आधी मांडवाची वायरिंग बघत. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा त्यांनी निरांजन पडद्यापासून हातभर लांब सरकवलं आणि गुरुजींच्या मागे वाळूची बादली आणून ठेवली. गुरुजींना वाटलं हा आमच्या घराण्याचा काही कुळाचार असेल, त्यांनी बादलीवर दोन अक्षता टाकल्या. काकांच्या पायात लग्नकार्यातसुद्धा पोलादी टोपीचे सेफ्टी शूज असत. एकदा पंगतीत वाढप्याच्या हातून वरणाचं पातेलं त्यांच्या पायावर पडलं आणि काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो त्यांच्या लेकीला बारावीत चांगले मार्क पडले तेव्हाही मी पाहिला नव्हता.

सुपरहिरोंच्या पिक्चरचा नाद या लेकीनेच लावला. ती शाळेत असताना तिला सोबत म्हणून ते जायचे. ती मोठी झाली, लग्न होऊन नाशिकला गेली, तिला हे पिक्चर बालिश वाटायला लागले, पण वडील अडकले ते अडकलेच. त्यात उडणं, आग ओकणं, इमारती पाडणं यातलं त्यांना काहीच आवडत नसे. ते जात चौकशी अधिकारी म्हणून. थिएटरमध्ये शिरल्याबरोबर ते आधी बाहेर पडायचे सगळे दरवाजे मोजत, मग भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते पाहत आणि मगच खुर्चीत टेकत. चिंचवडच्या एका थिएटरात दाराशी पॉपकॉर्नची खोकी रचून ठेवलेली दिसली म्हणून त्यांनी मॅनेजरला इंटरव्हलपर्यंत उभं करून ठेवलं होतं. तेव्हापासून तिथले लोक काकांना तिकीट खिडकीवर पाहिलं की आत खोकी हलवायला पळतात.

त्यांच्या मते या पिक्चरमध्ये एकच माणूस सतत अपघातात सापडतो आणि तो म्हणजे हिरोची प्रेयसी. व्हिलन सुखरूप, हिरो सुखरूप, शहर अर्धं पडलं तरी महापौर सुखरूप, आणि ही बिचारी दर चाळीस मिनिटांनी कुठून तरी लोंबकळते आहे. कंपनीतल्या अपघाताच्या कोऱ्या फॉर्मांचा एक गठ्ठा काकांनी घरी आणून ठेवला होता. रविवारी पिक्चर पाहिला की संध्याकाळी चहा घेऊन ते फॉर्म भरायला बसत. नाव. हुद्दा, तर "नायकाची प्रेयसी". संरक्षक साधने, तर "नाहीत. उंच टाचांचे बूट." अपघाताच्या वेळी करत असलेले काम, तर "आढळले नाही". मी एकदा म्हटलं, "काका, आढळले नाही काय, ती शास्त्रज्ञ होती ना?" काका चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "पहिल्या दहा मिनिटांत होती. नंतर दोन तास तिने एक परीक्षानळी उचललेली दाखव. एवढी शिकलेली मॅनपॉवर यांनी आयडल ठेवली आहे. आमच्या प्लँट हेडने बघितलं तर रडेल."

दुसऱ्या भागात हिरोईन बदललेली असली की काका सैरभैर होत. आधीच्या बाईचं कुणी नावसुद्धा काढत नाही, हे त्यांच्या मनाला लागे. "रजेवर आहे, राजीनामा दिला, की बदली झाली? काहीतरी सांगा ना," ते बसमध्ये म्हणत आणि पुढच्या सीटवरचे लोक वळून बघत. हिरोला चेव यावा म्हणून हिरोईनला मारून टाकण्याची जी रीत आहे, तिच्यावर तर त्यांचा खास राग होता. "हिरोला राग यायला बाईचा जीव लागतो? अरे, आमच्या ऑपरेटरला राग यायला कॅन्टीनमधले पोहे संपलेले पुरतात." आणि हिरोने हवेत झेलून ती वाचली, तरी त्यांचं समाधान नसे. पन्नास मजले पडत आलेल्या माणसाला झटक्यात थांबवलं, तर थांबवणारा हात आहे की जमीन, हे मणक्याला कळत नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय, की मला आता स्वप्नात कुणी झेललं तरी पाठ दुखते.

सोमवारी सकाळी पहिली शिफ्ट चालू व्हायच्या आधी मशीनपाशी सगळ्यांना उभं करून दहा मिनिटं सुरक्षिततेवर बोलायची आमच्याकडे पद्धत आहे. बाकीचे अधिकारी बोलायला लागले की पोरं उभ्या उभ्या झोपतात. काका बोलायचे तेव्हा मात्र पेंट शॉपची पोरंसुद्धा आमच्या शेडमध्ये येऊन उभी राहत, कारण काका आदल्या दिवशीच्या हिरोईनची चौकशी सगळ्यांसमोर चालवत. "का"च्या मागे "का" लावत पाचव्यांदा मुळाशी जायचं, असा कारखान्यातला नियम आहे, तो ते वापरत. ती का पडली? व्हिलनने ढकलली म्हणून. व्हिलनला ती का सापडली? एकटीच हिरोची वाट बघत होती म्हणून. वाट का बघत होती? तिला गोष्टीत दुसरं काम नव्हतं म्हणून. काम का नव्हतं? इथे काका सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणत, "लिहिणाऱ्याने तिला कामावर घेतलं आणि काम द्यायला विसरला म्हणून. तो का विसरला, ते तुम्ही मला शोधून सांगा." मग मशीन चालू होत. प्रेस शॉपचा एक ऑपरेटर मला एकदा म्हणाला, "राव, काकांमुळं मी आता बायकोला बाजारात एकटं उभं करून कुठं जात नाय. कोण कधी उचलंल काय सांगावं."

पण काका खरे तापत ते वेगळ्याच ठिकाणी. पिक्चरमध्ये हिरो जिथे डोळ्यांत पाणी आणून प्रेयसीला सांगतो, की माझ्याबरोबर राहिलीस तर तुला धोका आहे, म्हणून तुझ्या भल्यासाठी मी तुला सोडून जातो, तिथे काका खुर्चीत चुळबुळ करायला लागत. एकदा तर ते भर थिएटरात मोठ्याने म्हणाले, "तिला विचारलंस का?" पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. परतताना गाडीवर मागे बसून ते मला समजावत होते, "मशीन धोक्याचं असेल तर मशीनला गार्ड बसवायचा असतो. ऑपरेटरला घरी पाठवायचं नसतं. हा सेफ्टीचा पहिला धडा आहे आणि या गाढवाला कपड्यांवरून चड्डी घालून उडता येतं, पण एवढं कळत नाही."

आता या माणसाच्या घरात काकू कशा राहत असतील, असा प्रश्न कुणालाही पडेल. काकू सुरक्षित राहत. त्यांच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या काकांनी ठरवून दिलेल्या होत्या, माळ्यावरचं काही काढायचं झालं तर स्टूल धरायला माणूस असल्याशिवाय वर पाय टाकायला बंदी होती, आणि त्यांची स्कूटी शिकायची हौस हायवेकडे बोट दाखवून पंधरा वर्षांपूर्वीच मिटवण्यात आली होती. काकू मूळच्या तळेगाव दाभाड्याजवळच्या खेड्यातल्या. अंगाने ठेंगण्या आणि आवाज असा, की गणपतीत त्यांनी आरतीला सुरुवात केली की समोरच्या बिल्डिंगमधले लोक टीव्हीचा आवाज कमी करत. लग्नाआधी त्या आपल्या आत्याबरोबर गावजेवणं रांधत. पाचशे माणसांच्या आमटीला मीठ किती लागेल, हे त्या नुसत्या वाफेवरून सांगतात.

त्यांच्या माहेरच्या बचत गटाला तळेगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या कॅन्टीनचं काम मिळालं आणि स्वयंपाकघर सांभाळायला या बायकांना काकूच हव्या होत्या. कासारवाडीहून लोकलने जायचं, संध्याकाळी परत यायचं. काकूंना जायचं होतं. असं काही त्यांना इतकं मनापासून हवंय, हे मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो. लेक सासरी गेल्यापासून त्या दुपारी दारात येऊन आमच्या हिच्याशी उगाच बोलत बसत, त्या आता कॅन्टीनच्या पातेल्यांची मापं सांगायला लागल्या. काकांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हणणाऱ्यांतले ते नव्हतेच. ते म्हणाले, "आधी या प्रवासाची नीट पाहणी करू." मग त्यांनी धोक्यांची यादी करायला घेतली. फलाट आणि डब्यातली फट, तळेगाव स्टेशनबाहेरचे ट्रक, कॅन्टीनची ओली फरशी, उकळतं तेल. दर आठवड्याला दोन-चार धोके वाढत. दोन महिने झाले तरी पाहणी चालूच होती. बायकांनी काकूंना निरोप धाडला, की गणपती उठेपर्यंत थांबतो, मग दुसरी बघतो. जिन्यात भेटल्या तेव्हा काकू मला म्हणाल्या, "आरं, तुमच्या कंपनीत यवढा येळ लागला आसता, तर एक तरी गाडी रस्त्यावर आली आसती का?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत, हे मला घरी आल्यावर जाणवलं.

त्याच वर्षी आमच्या चौकातल्या मंडळाने सुपरहिरोचा जिवंत देखावा करायचं ठरवलं. जिवंत देखाव्याचं तंत्र आमच्याकडे ठरलेलं आहे. संवाद आधी रेकॉर्ड करून ठेवायचे, त्यांना आवाज चांगल्या आवाजाच्या माणसांनी द्यायचा, आणि स्टेजवर दिसायला चांगल्या माणसांनी त्यावर नुसते हातवारे करायचे. मंडळाचा अध्यक्ष बॅटरीच्या दुकानाचा मालक. तो काकांकडे येऊन म्हणाला, "काका, सगळ्या पिच्चरचा अभ्यास तुमचाच आहे. ष्टोरी तुम्हीच लिहा." मी काकांचा चेहरा पाहत होतो. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाच्या हाती अखेर पेन आलं होतं. त्यांनी आठवडाभराची रजा टाकली.

गोष्ट अशी होती, की काळा साहेब नावाचा व्हिलन शहरातल्या सगळ्या कारखान्यांचा ताबा घेतो, हिरोईनला उचलून क्रेनच्या हुकाला टांगतो आणि वीजवीर नावाचा हिरो तिला सोडवतो. वीजवीराला शक्ती हाय टेन्शनच्या तारेला हात लावून मिळते, असं अध्यक्षाने सुचवलं होतं, पण तारेला हात लावून शक्ती येत नाही, माणूस जातो, म्हणून काकांनी त्याला व्यवस्थित अर्थिंग करून दिलं. हिरोईनच्या बाबतीत तर त्यांनी हात आखडता घेतलाच नाही. उंचावर काम करताना अंगाला बांधतात तो दोन पट्ट्यांचा हार्नेस, हेल्मेट, गॉगल, हातमोजे, सेफ्टी शूज, खाली जाळी, जाळीखाली गादी. व्हिलनसुद्धा तिला टांगण्याआधी हुक नीट बसलाय ना ते ओढून बघे. हिरोईनचं काम आमच्या पहिल्या मजल्यावरच्या, पॉलिटेक्निकला जाणाऱ्या सायलीकडे आलं होतं. तिने सगळा पोशाख घालून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "काका, यात मी आहे हे माझ्या आईला तरी कळेल का?" काका म्हणाले, "कळलं नाही तरी चालेल. तुला खरचटणार नाही."

हिरोईनला आवाज काकूंचा, हे अध्यक्षाने परस्पर ठरवलं, कारण सबंध चौकात ढोलताशाच्या वर जाईल असा आवाज तेवढाच होता. रविवारी दुपारी आम्ही पिंपरीतल्या एका रेकॉर्डिंगच्या खोलीत जमलो. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, काचेच्या आत काकू आणि बाहेर काका, मी, अध्यक्ष आणि यंत्र चालवणारा माणूस. काकूंच्या हातात कागद दिला. त्यांनी "वाचवा" असं तीनदा म्हटलं. यंत्रवाला म्हणाला, अजून घाबरून. त्यांनी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली आणि माईकमध्येच विचारलं, "आवो, ह्या पोरीला दुसरं काय बोलायचं न्हाई व्हय?"

काका बटण दाबून म्हणाले, "दुसरं काय बोलणार? ती लटकलीये."

"लटकली हाय, पर तोंड तर मोकळं हाय."

"अगं, तिला डबल हार्नेस आहे, खाली जाळी आहे. काडीचा धोका नाही तिला."

"धोका न्हाई तर मग वाचवा कशापायी वरडती?"

यंत्रवाला खाली मान घालून हसायला लागला. अध्यक्षही हसला. काका हसले नाहीत, कारण प्रश्न तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. काकूंनी कागदाची घडी केली आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "आन् ती तिथं काय काम करत व्हती, ते कुठं लिवलंय? तुमी इतकी वरसं समद्यांना इचारताय, म्हणून म्या इचारलं." यंत्रवाल्याने रेकॉर्डिंग थांबवलं आणि आम्ही रिक्षा करून घरी आलो.

दोन दिवस काका बसमध्ये बोलले नाहीत. ड्रायव्हरने मला हळूच विचारलं, "काकांच्या घरात कुणी गेलं का?" तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला ते माझ्या दारात उभे राहिले. हातात दोन कागद होते. एक देखाव्याचा आणि एक तळेगावच्या प्रवासाचा. आत येऊन ते सोफ्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "आज जेवणाच्या सुट्टीत मी चौकशी केली."

"कुणाची?"

"माझीच. ही तळेगावला का जात नाही? माझी पाहणी पुरी झाली नाही म्हणून. का झाली नाही? दर आठवड्याला नवा धोका सापडतो म्हणून. का सापडतो? मी शोधतो म्हणून. पुढच्या 'का'ला मी पेन खाली ठेवलं."

काका कागदांकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "भीती वाटते रे. आयुष्यभर लोकांचे अपघात लिहिले. कुणाचं बोट, कुणाचा डोळा. पण हिला काही झालं तर मला नाव लिहिता येणार नाही. म्हणून मी तिला घरात ठेवली. तिची काळजी घेतो असं म्हणत होतो, खरं तर माझीच घेत होतो." मी त्यांच्या हाताखाली वाढलेला माणूस, त्यांना काय सांगणार. तरी धीर करून म्हटलं, "काका, मशीनला गार्ड बसवायचा, ऑपरेटरला..." ते म्हणाले, "माहितीये. तुला मीच शिकवलंय."

मग ते उठून वर गेले आणि जाताना मलाही दंडाला धरून घेऊन गेले, साक्षीदार म्हणून असावं. काकू जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. काकांनी दारातूनच विचारलं, "तळेगावची लोकल सकाळी कितीची आहे?" काकूंनी वर न बघता गाडीची वेळ सांगितली, परतीची सांगितली, चुकलीच तर तिच्या मागची कुठली, तीही सांगितली. काका म्हणाले, "तुला पाठ आहे?" त्या म्हणाल्या, "दोन म्हयनं झालं, पाठ हाय." हे ऐकून काका जवळच्या खुर्चीवर बसले. काकूंनी मेथीची ताटली बाजूला सारली आणि म्हणाल्या, "जाईन मी. पर आदुगर त्या पोरीचं बघा. ती आजून तशीच लटकलीया."

देखावा पुन्हा लिहिला गेला आणि या वेळी सायली आणि काकूंनी मिळून लिहिला. काका नुसते हुक तपासायला होते. हिरोईन आता क्रेनच्या देखभालीची प्रमुख होती. पहिल्या दिवशी पडदा उघडला आणि त्या काटकुळ्या, हेल्मेटवाल्या मुलीच्या तोंडून काकूंचा मावळी आवाज चौकभर घुमला, "आरं येड्या, ज्या क्रेनला मला टांगलीस, तिचा रिमोट माज्याच खिशात हाय." रस्त्यावरच्या बायकांनी अशी शिट्टी मारली, की पोलिसाने वळून पाहिलं. ती स्वतःच खाली उतरे, लाल बटण दाबे, काळ्या साहेबाची सगळी यंत्रं बंद पडत, आणि मग केप सावरत वीजवीर येई. त्याला काही कामच उरलं नव्हतं. तो पोरगा काकांकडे तक्रार घेऊन आला, "काका, मी काय नुसतं उभं राहू का राव?" काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "कसं वाटतंय? इतकी वर्षं त्या बायकांना असंच वाटत असेल." मंडळाला बक्षीस मिळालं नाही. सुपरहिरोला पुरेसा वाव दिलेला नाही, असं परीक्षकांचं मत पडलं. काकांनी ते मत कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं.

विसर्जनानंतरच्या सोमवारी काकू तळेगावला निघाल्या. काकांनी अर्धी रजा घेतली होती आणि मलाही घ्यायला लावली. काकूंनी रिफ्लेक्टरचं जाकीट घालायला साफ नकार दिला, शिट्टी मात्र पर्समध्ये टाकली. कासारवाडी स्टेशनवर काका पिवळ्या पट्टीच्या मागे ताठ उभे होते. त्यांनी सांगायच्या सूचना लिहून आणल्या होत्या, पण गाडी दिसली तसा कागद खिशातच राहिला आणि ते एवढंच म्हणाले, "पोचल्यावर फोन कर." काकू चढता चढता म्हणाल्या, "भाकरी थापू का फोन करू?" गाडी हलली. काका फलाटाच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर चालत गेले आणि तिथे बराच वेळ रुळांकडे बघत थांबले. दुपारी फोन आला, की आमटी चांगली झाली.

याला आता दोन वर्षं झाली. काकूंच्या कॅन्टीनमध्ये अजून कुणाला साधा चटकासुद्धा बसलेला नाही, कारण मोठं पातेलं एकटीने उचलायचं नाही, असा त्यांचा कडक नियम आहे. "हे मी शिकवलेलं नाही हं," काका अभिमानाने सांगतात. काकांची नोकरी होती तोवर दोघं संध्याकाळी साधारण एकाच सुमाराला घरी पोचत, त्यामुळे विशेष काही जाणवलं नाही. यंदा काका रिटायर झाले. परवा मी लवकर आलो होतो म्हणून वर गेलो, तर ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते आणि स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर त्यांची नजर होती. गाडी दहा मिनिटं लेट होती. मी म्हटलं, "येतील काका." ते म्हणाले, "येणारच. ते माहितीये मला."

मग आपणहून बोलायला लागले. "प्रत्येक पिक्चरमध्ये ती बाई एकदा तरी खिडकीत उभी राहून वाट बघते, बघ. मी तेवढ्यात पाणी पिऊन घ्यायचो. म्हटलं, घरात आहे, सुखरूप आहे, इथे लिहिण्यासारखं काही नाही. अरे, कंपनीत काही झालं की मी जेवणावरून उठून जायचो. कधी आठ तासांनी परत, कधी दुसऱ्या दिवशी. ही इथेच उभी असायची. आणि मी यायचो, चपला काढता काढता सगळी कंपनी तिला सांगायचो, जेवायचो आणि झोपायचो. तिचा दिवस कसा गेला, हे बत्तीस वर्षांत मी किती वेळा विचारलं असेल?" पुन्हा रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "आता विचारतो. पण ते सगळे मागचे दिवस गेलेच की रे. ते ती आता कुठून सांगणार?"

एवढ्यात कोपऱ्यावर काकू दिसल्या. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात डबा, आणि वरून काका हात हलवतायत हे पाहून, लोक बघतील म्हणून, भराभर पावलं टाकत. काकांनी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि दार उघडून जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. काकू चढत येताना अर्ध्या जिन्यातूनच सांगायला लागल्या होत्या, की आज कुणाच्या तरी वाढदिवसाला शिरा केला आणि तो कमी पडला. काका म्हणाले, "का कमी पडला? पहिल्यापासून सांग." मी जिना उतरून घरी आलो. वरून बराच वेळ काकूंचाच आवाज येत होता.